जुन्या काळी वाजवायचे तसे

भोर
१८ ऑगस्ट २०२४

ती. आबांस,
नात सारिका हिचा सविनय जय भीम. वि. वि.

पासलीत रेंज येईपर्यंत मी म्हातारी होईन, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. भोर डेपोत तुम्ही जन्मभर तिकिटं फाडली, तेव्हा नातीला एवढी टपालसेवा फुकट मिळायला हरकत नाही. आजीचा गुडघा कसा आहे? भातलावणी उरकली का?

आता बातमी. पुण्याच्या शाळेतली संगीतशिक्षिकेची नोकरी मी सोडली. रागवण्याआधी पुढचं वाचा. गेल्या वर्षी ज्या जर्मन बाईंच्या शिबिराला मी गेले होते, त्यांच्या पुण्यातल्या संस्थेनं या एप्रिलपासून मला सहा ट्रंपेट दिले आहेत, वर्षभराच्या बोलीवर. लग्नाच्या बँडमधले ट्रंपेट नव्हेत हे. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात होते तसे हुबेहूब घडवलेले आहेत. त्या काळच्या संगीताला बरोक म्हणतात. नळी दुप्पट लांब आणि बोटांनी दाबायची कळ एकही नाही, सगळे सूर नुसत्या ओठांनी काढायचे. बाईंचं म्हणणं असं, की जुनं संगीत जुन्या वाद्यावर, जुन्या रीतीनंच वाजवावं, तरच ते खरं कळतं.

शनिवार-रविवारी विहाराच्या हॉलमध्ये आपल्या वस्तीतली सात मुलं येतात. वाद्यं सहा, त्यामुळे दर वेळी मारामारी. बंटीनं पहिल्या दिवशी इतका जोर लावला की चक्कर येऊन खालीच बसला. पण सुलक्षणाताईंची रत्ना, सहावीतली, तिनं पहिल्याच तासाला तीन सूर काढले. मला त्याला दोन महिने लागले होते.

वर्ष संपायच्या आत मुलांनी आपल्या भागात लोकांसमोर एकदा वाजवलं, तर वाद्यं कायमची आपली आणि भोरमध्ये ही शाळा उभी राहील. नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं. बाई म्हणाल्या, वडीलधाऱ्यांना विचारा, तुमच्याकडेही अशी बिनकळांची वाद्यं असणार. पणजोबांकडे शिंग होतं असं आत्या एकदा बोलून गेली होती. ते ओठ कसे धरायचे? तुम्ही पाहिलं असेल, सविस्तर लिहा.

रागावला असलात तरी उत्तर धाडावं, आणि थोडा राग भेटीसाठी शिल्लक ठेवावा.

तुमची
सारिका


पासली
३० ऑगस्ट २०२४

चि. सारिका हिस,
आबाचे आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. कंडक्टरनं ते दोन दिवस खिशात मुरवून मग दिलं. आमच्या वेळी असं होत नव्हतं, असं लिहिणार होतो, पण होत होतं. आजीचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. तू नोकरी सोडलीस म्हणून तिनं मलाच झाडलं, राजीनामा जसा काही मीच लिहिला.

शिंगाचं विचारलंस. आपणहून कधी सांगितलं नसतं. माझे वडील, गेनबा, ते वाजवायचे. आपल्या जुन्या गावी देवीची पालखी निघाली की शिंग फुंकायचा हक्क आपल्या घराचा. हक्क म्हणजे काय, तर पायऱ्यांच्या खाली, लोक चपला काढतात तिथं उभं राहायचं, पालखी वर जाईस्तोवर फुंकत राहायचं, आणि पायरीला पाय लावायचा नाही. मग धोतराचा सोगा पसरायचा आणि वरून पडेल ते झेलायचं. मी शेजारी उभा असायचो. ओठ कसे धरायचे ते मी पाहिलं नाही, पोरी. वरून काय पडतंय, तिकडं माझं लक्ष असायचं.

छप्पन सालानंतर आपण धम्म घेतला आणि बाबांनी शिंग कानंदीच्या डोहात टाकलं. पुढच्या जत्रेला बोलावणं आलं, ते गेले नाहीत. मग गावानं आमचं पाणी तोडलं, काम तोडलं, दळणही बंद केलं. तेव्हा इकडं येऊन राहिलो. बाबा फार सुरेख वाजवायचे म्हणतात. त्यानंतर त्यांनी कधी शीळसुद्धा घातली नाही.

तुझ्या बाईंना जुन्या रीतीची गोडी वाटते, वाटू दे, त्यांची जुनी रीत बरी असेल. आमच्या जुन्या रीतीत वाजवणाऱ्यानं उभं कुठं राहायचं तेही ठरलेलं होतं. विहारात शिकवतेस त्याला माझी ना नाही, ते आपलं छप्पर आहे. छपराबाहेर नेऊ नकोस, एवढंच सांगणं.

तब्येतीला जप. म्हाताऱ्याचं बोलणं कडू लागलं तर गुळाच्या खड्याबरोबर घे, पण घे.

तुझा
आबा


भोर
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
सारिकाचा सविनय जय भीम. वि. वि.

इतके महिने लिहिलं नाही, रागावू नका. तुमचं पत्र वाचून आठवडाभर त्या ट्रंपेटना हात लावावासा वाटला नाही. मग मुलं दारात येऊन उभी राहिली. त्यांचं काय चुकलं? आबा, जर्मनीत त्या काळी ट्रंपेटवाले राजाच्या पदरी असायचे, घोड्यावरून मिरवायचे. म्हणजे वाद्यात काही खोट नाही ना?

रत्नाचं तर काय सांगू! या ट्रंपेटमध्ये एक सूर असा आहे, की तो ना या स्वरात ना त्या स्वरात, मध्येच लोंबकळतो. त्याला ओठांनी समजावून जागेवर आणावा लागतो. बाकीची मुलं त्याला चुकवून पुढे पळतात. रत्ना त्याला अलगद उचलून जिथं हवा तिथं ठेवते. संध्याकाळी ती वाजवायला लागली की विहाराच्या फाटकाशी माणसं थांबतात.

पण कार्यक्रम जमेना. एका शाळेनं हॉल देते म्हणून आयत्या वेळी नाही म्हटलं, दुसरीकडे वर्गणीवाल्यांना ढोलपथक हवं होतं. मुदत एप्रिलमध्ये संपते. अशात तुमच्या जुन्या गावाच्या जत्रा कमिटीचे अमृतराव यांचा फोन आला. त्यांनी मुलांचा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला होता. यंदा जत्रेत वाजवाल का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. मुलं उभी कुठं राहतील, असं मी स्पष्ट विचारून घेतलं. देवळासमोर मंडपात, सगळ्यांच्या पुढं, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं आहे.

तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण जिथून पणजोबांना निघावं लागलं, तिथं त्यांची पणती ताठ मानेनं उभी राहिली तर त्यांनाही बरं वाटलं असतं, असं मला मनापासून वाटतं. काळ बदललाय, आबा.

आजीला माझा जय भीम. नातीचा हट्ट पोटात घालावा.

तुमची
सारिका


पासली
९ मार्च २०२५

चि. सारिका हिस,
आबाचे आशीर्वाद आणि जय भीम.

तुझे अमृतराव माझ्याकडंही येऊन गेले, बरोबर दोघं जण, हातात नारळ. बोलणं साखरेत घोळलेलं. कार्यक्रम हा शब्द एकदाही निघाला नाही. मान म्हणत होते, परंपरा म्हणत होते. पायऱ्यांवर का पायऱ्यांखाली, असं मी विचारलं. तर हसून म्हणाले, बाबा, आता कोण बघतंय तसलं?

आजीनं चहा केला होता. तिघांनीही घेतला नाही. उपास आहे म्हणाले. तिघांचाही एकाच दिवशी, आणि चहाचासुद्धा.

जाऊ नकोस. मुदत गेली तर जाऊ दे, वाद्यं गेली तर जाऊ दे. तुझ्या पोटापाण्याचं आपण बघू. ऐकशील असं वाटत नाही, तरी लिहून ठेवतो.

तुझ्या काळजीत असलेला
आबा


पासली
२० एप्रिल २०२५

चि. सारिका हिस,
आबाचे आशीर्वाद आणि जय भीम.

जत्रेनंतर तुझं पत्र नाही. तू लिहिणार नाहीस हे ओळखून मीच लिहितो. मी आलो होतो ते तू पाहिलंस. आपण दोघंही एकमेकांजवळ गेलो नाही. काय बोलणार होतो?

तुला टोचायला हे लिहीत नाही. तू तेव्हा अमृतशी भांडत होतीस, तुझी पाठ होती, म्हणून तुला न दिसलेलं सांगतो. मंडप कुठं आहे, पोरांना इथं चपलांत का उभं केलं, असं तू त्याला विचारत होतीस. पालखी आली, ढोल थांबले आणि सगळी माणसं रत्नाकडं बघायला लागली. त्या पोरीला वाटलं आता आपली पाळी. तिनं ट्रंपेट उचलला.

सारिका, काय वाजवलं गं तिनं! एवढी जत्रा, पण पाळण्यातलं पोरसुद्धा रडायचं थांबलं. माझ्या बाबांपेक्षा चांगलं वाजवलं, हे मी कान शाबूत असताना सांगतो. मला रडू आलं, आणि रडू आल्याची लाज वाटली. ती वाईट वाजवती तर बरं झालं असतं. गावानं तिला परत बोलावलं नसतं.

संपल्यावर वरच्या पायरीवरून एकानं नारळ आणि पोळ्या खाली टाकल्या. रत्नानं दोन्ही हातांनी ओढणी पसरून झेलल्या, हसत हसत. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग माईकवर पुकारलं, की गेनबाच्या घराचा मान इतक्या वर्षांनी जाग्यावर आला, आता दरसाल येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या पोरांनीही वाजवल्या.

रत्ना पळत माझ्याकडं आली आणि आवडलं का म्हणून विचारायला लागली. मी छान म्हणालो. तिला खरं काय ते तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपल्या माणसाकडून कळू दे. मला ते जमलं नाही, आणि या वयात जमेलसं वाटत नाही.

तू चुकलीस असं मी कुणाला म्हणणार नाही. घरी ये, चार दिवस राहा.

तुझा
आबा


भोर
११ मे २०२५

ती. आबांस,
सारिकाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही एका शब्दानं बोल लावला नाहीत, ते जास्त लागलं. लावायला हवा होता.

वर्ग बंद झाला. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी पालक विहारात जमले. कुणी आवाज चढवला नाही. बंटीच्या वडिलांनी एवढंच विचारलं, की आमच्या म्हाताऱ्यांनी जे सोडायला गाव सोडलं, ते तुमी आमच्या पोरांच्या हातात परत कसं काय दिलं? विहाराच्या मंडळींनी हॉलची किल्ली मागून घेतली. त्यांचं बरोबरच आहे.

कमिटीनं टाकलेला व्हिडिओ त्या जर्मन बाईंपर्यंतही गेला. त्यांचं कौतुकाचं पत्र आलं. वादन आणि त्याची मूळ जागा असं एकत्र, इतकं अस्सल त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं म्हणे. सहाही वाद्यं कायमची आपली झाली. मी ती परवा टेम्पोत घालून पुण्याला परत पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला बसले होते, पण त्यांना कुठून सांगायला सुरुवात करायची तेच कळेना. नुसतीच पाठवून दिली.

रत्नाला मी सगळं सांगितलं. सुलक्षणाताई शेजारी बसल्या होत्या. पणजोबांचं, पायऱ्यांचं, सोग्याचं, पाणी तोडल्याचं, काही झाकून ठेवलं नाही. तिनं शांतपणे ऐकलं. मला वाटलं कळलं तिला. रडेल, चिडेल, मला बोलेल, अशी मी तयारी करून बसले होते. तिनं विचारलं, की ताई, म्या अजून लई सराव केला, तर पुढच्या साली वर घेतील का?



वाद्य गेलं, तरी तिनं सराव सोडलेला नाही. संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसते आणि रिकाम्या ओठांनीच फुरफुर करत असते. सुलक्षणाताई आधी ओरडायच्या, आता ओरडत नाहीत. मी त्या गल्लीनं जायचं टाळते.

येत्या रविवारी पासलीला येते. मला काही विचारू नये, नुसतं जवळ बसू द्यावं.

तुमची
सारिका