खटका नसलेला पाना

४ ऑक्टोबर, सोमवार

दोरीला बांधलेलं पेन चोरीला गेलं. दोरीसकट!

ही नोंद मी शांत डोक्यानं करते आहे. बावीस वर्षं या हँगरच्या टूल रूमच्या खिडकीत बसले. माझ्या समोरून विमानांची इंजिनं उतरली, चढली, मॅनेजर आले, गेले. दोनशे माणसं पोटात घेऊन उडणारं यंत्र ज्यांच्या हातांवर सोपवलेलं असतं, त्याच हातांनी पाना घेताना वहीत सही करायचं लाल पेन उचललं. गाठ मारली होती, ती कापून. म्हणजे माझ्याकडून घेतलेल्या कटरनं माझीच दोरी कापली असणार. मानवजातीकडून मला कधीच फार अपेक्षा नव्हत्या, पण निदान दोरी तरी सोडायची.

चौकशी केली. सगळे खिशात हात घालून छताकडे बघत उभे. जणू पेन उडूनच गेलं.

शेवटी पुटपुट्या आला. इंजिनाचा मेकॅनिक आहे, अकरा वर्षं झाली, अजून समोरच्याशी बोलत नाही, स्वतःच्या कॉलरशी बोलतो. खिडकीत आपलं निळं पेन ठेवलं, कॉलरला काहीतरी सांगितलं आणि गेला. टोपण चावून चावून चपटं केलेलं. दोन बोटांच्या टोकांनी उचललं आणि पुसून घेतलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. नवे छोटे रॅचेट पाने घ्यायचेत, म्हणजे एका बाजूला फिरवले की पकडणारे आणि दुसऱ्या बाजूला टिकटिकत मोकळे फिरणारे, तिन्ही हँगरसाठी. जुन्यांचे दात झिजले, घसरायला लागलेत. "निवड तुम्ही करायची, बाई. यातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

खरं तेच बोलले, त्यामुळे आभार मानले नाहीत.

पुढे म्हणाले, "हे नीट पार पडलं की नव्या वर्षापासून तिन्ही हँगरची हत्यारं तुमच्याकडे." मी "बघू" म्हटलं. खुर्चीतून उठेपर्यंत तिन्ही हँगरच्या किल्ल्या कमरेला लावून मी मनात एक फेरी मारूनही आले होते.

७ ऑक्टोबर, गुरुवार

आज विक्रेत्यांची जत्रा. चौघे आले, चौघांचीही बॅग हत्यारांपेक्षा चकचकीत.

पहिला म्हणाला, "मॅडम, आजन्म गॅरंटी." मी विचारलं, कुणाच्या जन्माची? पान्याचं डोकं नखानं खरवडलं तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटला. हाच पापुद्रा उद्या इंजिनात पडला तर तुमची गॅरंटी कुठल्या उंचीवर लागू होते, तेही विचारलं. त्यानं बॅग बंद केली.

दुसऱ्यानं दात मोजून दाखवले. "नव्वद दात! चार अंश फिरवला की पुढचा दात पकडतो." हे मात्र कामाचं. इंजिनाच्या बगलेत हात घातला की मनगट हलायला बोटभर जागा मिळते, तिथं बत्तीस दातांचा पाना म्हणजे बोळात बैलगाडी. पण याच्या पान्याचं डोकं इतकं जाड की त्या बगलेत शिरणारच नाही. दात नव्वद, आणि तोंड घालायला जागा नाही!

खरेदीखात्याचा टाय शेजारी बसून सगळ्यांना मान डोलावत होता. (त्याला नाव आहे, पण त्याच्याआधी खोलीत टाय येतो.) मधेच विचारतो कसा, "रंगीत मुठीचे नाही का येत?"

८ ऑक्टोबर, शुक्रवार

टायनं आज व्हर्नियर उलटा धरून जाडी मोजली आणि आकडा लिहूनही घेतला.

११ ऑक्टोबर, सोमवार

शेवटी दोन उरले. दोन्हींचं पोलाद चांगलं, दात बहात्तर, मुलामा सुटत नाही. फरक एकच. पहिल्याच्या मानेवर छोटा खटका आहे. अंगठ्यानं ढकलला की पाना उलट्या दिशेनं पकडतो, म्हणजे सैल करणारा घट्ट करायला लागतो. दुसऱ्याला खटका नाही. दिशा बदलायची तर पाना बोल्टवरून काढायचा, पालथा करायचा, परत बसवायचा. पण त्यामुळे डोकं दोन मिलिमीटरनं बारीक. शिवाय खटका म्हणजे आणखी एक सुटणारा, तुटणारा, पडणारा तुकडा. विमानात पडलेला तुकडा शोधायला अख्खी शिफ्ट जाते, हे मी बावीस वर्षं बघते आहे.

बिनखटक्याचा. माझ्या मनात शंकाच नव्हती.

तरी सर्वांसमोर चाचणी घेतली. बेंचवरच्या व्हाइसमध्ये बोल्ट पकडला, घट्ट केला, सैल केला, पाना लोण्यातून सुरी फिरावी तसा. साहेब खूश. टायनं टाळी वाजवली. वाजवणारा तो एकटाच.

तेवढ्यात मागून पुटपुट्या. "अडकला तर... परत कसा यायचा?"

"काय म्हणालात? कॉलरला ऐकू गेलं, आम्हाला नाही."

सगळे हसले. "अडकायला तो काय पायजमा आहे?" असंही मी वर म्हटलं. त्यावरही हसले. मला असं बोलणं जमतं. या हँगरमध्ये माझ्याइतकं कुणालाच जमत नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

बिनखटक्याचे एकशे वीस. सही केली. चावलेल्या टोपणाच्या पेनानं! लाल पेनाचा अजून पत्ता नाही.

२५ ऑक्टोबर, सोमवार

पाने आले. दिवसभर फोम कापला. प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराचा खड्डा, खाली पिवळा फोम. पाना जागेवर नसला की पिवळं दिसतं. शिफ्ट संपताना कुठेही पिवळं दिसलं की विमान हलत नाही, मग आत मंत्री बसलेला असो नाहीतर संत्री.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, "हाताला काय झालं?" कटर लागला होता. म्हटलं, तिन्ही हँगरचा राज्याभिषेक आहे, रक्ताचा टिळा लागणारच. हे हसले नाहीत. ह्यांना विनोद समजावून सांगावा लागतो, आणि मी सांगत नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

पिवळं दिसलं. तीन नंबरच्या ड्रॉवरमध्ये, सातवा खड्डा.

वही बघितली. पुटपुट्या. इंजिनाखाली गेले तर हा आडवा पडलेला, हात खांद्यापर्यंत आत. पाना बोल्टवरच होता, आणि निघत नव्हता. बोल्ट सैल होत बाहेर येत गेला, पाना त्याच्यासोबत, आणि समोरच्या इंधनाच्या नळीला जाऊन टेकला. आता पुढे जायला जागा नाही. मागे म्हणावं तर पाना त्या बाजूला नुसता मोकळा फिरतो, टिक टिक टिक.

"आता?" मी विचारलं.

"नळी काढावी लागेल."

हे वाक्य मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. नळी काढायची म्हणजे टाकी रिकामी, सील नवे, पुन्हा गळतीची तपासणी. सहा तास! बाहेर प्रवासी ताटकळत बसले. साहेबांचा फोन वाजणं थांबेना. आणि हा पालथा पडून कॉलरशी गप्पा मारतोय.

नाचता येईना, अंगण वाकडं. चांगल्या हत्याराची लायकी नसलेल्या हातात चांगलं हत्यार दिलं की दुसरं काय होणार?

१० नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी विचारलं, "बाई, पान्यात दोष आहे का?" म्हटलं, पाना निर्दोष आहे. मी स्वतः फिरवून बघितलाय, तुमच्यासमोर. "मग वहीत तसं लिहा."

लिहिलं. "हत्यार निर्दोष. हाताळणाऱ्याची चूक. जागेचा अंदाज न घेता वापर." खाली सही.

पेन त्याचंच होतं. हातात दुसरं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

पुटपुट्याचं सहीच्या अधिकाराचं प्रकरण थांबलं म्हणे. दुरुस्तीनंतर "हे विमान उडायला योग्य आहे" असं लिहून स्वतः सही करायचा अधिकार, त्यासाठी चार वर्षं परीक्षा देत होता. साहेबांची शिफारस तयार होती, नुसती पाठवायची राहिली होती. माझा शेरा वाचला आणि खणात ठेवली.

त्यानं भांडावं ना! माझ्या खिडकीवर यावं, आवाज चढवावा. आला, सकाळी नेलेला तोच पाना परत केला, म्हणाला, "सातवा." खड्ड्यात बसवला आणि गेला.

अशा माणसांचा मला फार राग येतो.

१४ नोव्हेंबर, रविवार

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. नक्कल करून सांगितलं, कॉलरसकट. हे म्हणाले, "तो त्या दिवशी म्हणाला होता ना, अडकला तर म्हणून?"

"पुटपुटला होता."

"पण म्हणाला होता."

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. भाजी वाढून घेतली.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत खिडकीचं शटर खाली ओढलं. सिद्ध करून दाखवायचं होतं. कुणाला, ते ठरवलं नव्हतं. व्हाइसमध्ये बोल्ट पकडला. समोर, त्या नळीच्या अंतरावर, एक जाड पत्रा क्लॅम्पनं आवळला. अंतर पट्टीनं मोजून. मग अंदाज घेत, अगदी जपून, कुशल हातानं सैल करायला घेतलं.

चौदा टिकटिकींत पाना पत्र्याला टेकला.

मागे फिरवला. टिक टिक टिक. काढून पालथा करायला गेले तर पत्रा आणि पान्याच्या मध्ये नखही जाईना. जोर लावला. अंगठ्याचं कातडं गेलं. पुन्हा जोर लावला. बावीस वर्षांत मी या खिडकीतून हजारो पाने दिले आणि घेतले, वजनावरून ओळखते, डोळे मिटून नंबर सांगते. पण समोर भिंत असताना बोल्ट शेवटचा कधी सोडवला, हे मला आठवेना. चाचणी घेतली तेव्हा बोल्टासमोर काय होतं? मोकळी हवा. आणि टाळी वाजवणारा टाय.

खटका असता तर अंगठ्याचं काम होतं.

शटरवर टकटक झाली. एक वाजला होता. वर केलं नाही तर पाच माणसं जमणार, म्हणून हातभर वर केलं. पुटपुट्या टॉर्च परत करायला आलेला. वाकून आत बघितलं. व्हाइस, पत्रा, पाना, माझा अंगठा, सगळं एका नजरेत बघितलं. आता बोलेल, असं वाटलं. मी त्याच्या जागी असते तर काय काय बोलले असते! पायजम्यापासून सुरुवात केली असती.

"आधी पत्रा काढा, बाई," तो म्हणाला. स्पष्ट. "अंगठ्याला पट्टी लावा."

मागे कुणीतरी ओरडलं, "काय रे, बाई आत आहेत का?"

"मोजणी चालू आहे. दहा मिनिटांनी या," म्हणाला, आणि शटर बाहेरून हातानं खाली ओढलं.

त्याचा आवाज खणखणीत आहे. अकरा वर्षांत मी ऐकलाच नव्हता. कदाचित कुणीच त्याला वाक्य पुरं करू दिलं नसेल. कुणी म्हणजे कोण, ते इथं लिहायला मला लाज वाटते, म्हणजे लिहून झालंच.

अंगण वाकडंच होतं. आणि आखलं होतं मी.

१७ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या वहीत खोडरबर चालत नाही, पांढरा रंग चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते, तारीख, सही.

रेघ मारली. "हाताळणाऱ्याची चूक नाही. पान्याची निवड चुकीची. चाचणी अपुरी. निवड करणारी:" आणि माझी सही. वही साहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. "बाई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?" म्हटलं, कळतोय, तिन्ही हँगरना कळवा, एकशे वीस पाने परत मागवा. त्यांनी खणातून शिफारस काढली. माझ्या किल्ल्यांचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

परत येताना पुटपुट्याच्या पेटीवर त्याचं पेन ठेवलं. तो इंजिनाखाली होता, पाय तेवढे दिसत होते. टोपण मी बदललं नाही. नुसतं पुसलं.