उद्याच्या कळ्या

लिंबायत, सुरत
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५, दुपार

प्रिय वत्सलाताई,

नमस्कार. अमळनेरला सगळे बरे असतील. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे यांची सध्या मागावर दिवसपाळी आहे, त्यामुळे दुपार माझी एकटीची. भिंतीपलीकडचे माग ऐकता ऐकता गुंगी येते. वाटतं, आपण झोक्यावर बसलोय आणि मागून कुणी हलकेच झोका देतंय.

वैशाखात आखाजीच्या सणाला माहेरी झोका खेळताना तू पदराच्या गाठीत बांधून दिलेल्या गुलबक्षीच्या काळ्या बिया मी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावल्या होत्या. गॅलरीत आता कमरेएवढं झाड झालंय. रोज पाचच्या सुमारास उमलतं. ढग असले तर जरा आधी, ऊन कडक असलं तर जरा उशिरा. मिटल्या छत्रीसारखी कळी सैल होते, मग कधी उघडली ते डोळ्यांना कळतच नाही. शेजारच्या शोभाबाई ती बघून चहा ठेवतात. म्हणतात, “हाई फूल शे का घड्याय वं?” यांची रातपाळी लागली की माझं जेवण, झोप सगळं उलटंपालटं होतं. झाडाला त्याचं काही नाही.

झाडाचंच इतकं का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर सांगायला घेतलं असतं, तर तू मध्येच मला माफ करून टाकलं असतंस.

आईचे डोळे साखरेनं गेले आणि आता साखर आपल्या दोघींनाही, म्हणून आपण आखाजीच्या त्या झोक्यावरच ठरवलं. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, संध्याकाळी चालणं. वहीत खूण करायची आणि महिन्याच्या पानाचा फोटो एकमेकींना पाठवायचा. तुझ्या पानावर मध्ये मध्ये मोकळे चौकोन असतात. शेजारी ‘कंटाळा’, ‘पाहुणे’, एकदा नुसतं ‘रडले’. माझं पान भरगच्च.

ताई, मी रविवारीच पुढच्या आठवड्याच्या खुणा करून ठेवत होते. पहिल्यांदा केल्या तेव्हा तो संकल्प वाटला होता. खूण आहे, म्हणजे चालावंच लागेल. मग खूण आहे म्हणजे चालून झालं, असं कधी वाटू लागलं ते मला ठाऊक नाही. की ठाऊक आहे? तुझे मोकळे चौकोन पाहून मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते.

सोमवारी यांनी कामावर खाडा केला आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. साखर बरीच वाढलेली. यांनी कौतुकानं वही पुढे केली. “सगळं वेळेवर करते ती.” डॉक्टरांनी पान पाहिलं, घड्याळ पाहिलं.

“बेन, अभी तो सुबह के ग्यारह बजे हैं. आप शाम का चल भी आईं?”

हे हसले. मग हसायचे थांबले. रिक्षात एवढंच म्हणाले, “वत्सलाताईंना पण हेच पान पाठवतेस?”

आणि त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला. ‘उज्जू, तुझं पान बघून माझी वही बंद केली. आता गोळीचंही ध्यान राहत नाही. मला नाही जमत तुझ्यासारखं.’

दोन दिवस गॅलरीत बसून पाहतेय. उद्याच्या कळ्या आजच दिसतात, हिरव्या, घट्ट. त्यातली एकही आज उघडत नाही. कालची फुलं सुकून लोंबतात, तीही झाड झाकत नाही.

मे महिन्यापासूनची पानं फाडून याच पाकिटात घालतेय. खोट्या खुणा लाल शाईनं खोडल्यात. त्यानंतर जे उरलं ते तुझ्या पानांपेक्षा कितीतरी कमी आहे. तुला जमत होतं, ताई. न जमणारी मी होते. वही उघड. माझ्यावर राग आला तर तोही त्यात लिही, पण गोळी घे आणि संध्याकाळी चाल.

पाच वाजत आलेत. नव्या वहीतला आजचा चौकोन कोरा आहे. एक कळी सैल झालीय.

चपला घालून दारात उभी असलेली,
तुझी उज्जू