भुऱ्याचा कान आणि माझं बोट

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
लेक श्रेया तीन महिन्यांच्या नातीला घेऊन २३ला भोपाळहून येतेय. पहिली भेट! स्टेशनवरच उचलून घेणार, परत देणारच नाही. तोवर घर ठणठणीत करायचं. सुरुवात भुऱ्यापासून. कुत्र्याच्या कानातून पू येतोय. डॉक्टर कशाला? माझ्या दाढदुखीच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्यात. पेढ्यातून अर्धी-अर्धी.

५ फेब्रुवारी
कान कोरडा! गोळ्या बंद. बायको मंगला म्हणाली, कोर्स तरी पूर्ण करा. मी म्हटलं, आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत कोर्स पूर्ण करून लढले नव्हते. तिने पेढे उचलून ठेवले.

९ फेब्रुवारी
कान पुन्हा वाहतोय. पुसताना माझं कापलेलं बोट लागलं असावं, तेही सुजलंय. योगायोग. उरलेल्या गोळ्या आता मी घेतोय. एक घर, एक औषध!

१२ फेब्रुवारी
बोटाची सूज उतरली. गोळ्या बंद. शेजारच्या विष्णूपंतांना माझी पद्धत समजावली. त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. भारावले असावेत.

१५ फेब्रुवारी
बोट टमाट्याएवढं. बड़ा गणपती चौकातली पाच मेडिकल दुकानं फिरलो. पाचही जण म्हणाले, भिया, पर्ची के बिना नी मिलेगी. डॉक्टरची चिठ्ठी हवीच म्हणे. इतका प्रामाणिकपणा बरा नव्हे.

१८ फेब्रुवारी
ठणका. डॉक्टरकडे गेलो, केवळ मंगलाच्या समाधानासाठी. पू तपासायला घेतला. जनावरांचे डॉक्टर अनीश यांनी भुऱ्याच्या कानातलाही घेतला.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. दोघांचा जंतू एकच! कुणी कुणाला दिला, सांगता येत नाही म्हणे. (भुऱ्यानेच.) आठपैकी सहा औषधांना दाद देत नाही. क्षणभर ऊर भरून आला, आपल्याच घरात वाढलेला ना! अर्धवट गोळ्यांनी तो तयार झाला, असं डॉक्टर म्हणाले. आजपासून रोज संध्याकाळी इंजेक्शन, दहा दिवस. पाचात भागेल का, विचारलं. डॉक्टरांनी मंगलाकडे बघून सांगितलं, दहा. आणि तोवर बाळाला हात लावायचा नाही.

२३ फेब्रुवारी, दुपारी १
स्टेशनवर मंगला गेली. मी आणि भुऱ्या मागच्या खोलीत. श्रेयाने खिडकीच्या काचेपलीकडून नात दाखवली. डोळे माझ्या आईचे. ती हसली, हात पुढे केला. मी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले. फार वाईट वाटलं.

श्रेया २ मार्चला सकाळच्या गाडीने परत जातेय. माझं शेवटचं इंजेक्शन त्याच संध्याकाळी.