मोबाइल फुगला

सावंगी, मंगळवार, संध्याकाळ

बाबा फोन उचलत नाहीत. तीनदा लावला.

मागच्या आठवड्यात कारंजाहून म्हणाले होते, "पोरी, माहा मोबाइल फुगला वो." मले वाटलं, त्यांची नेहमीची थट्टा. मी म्हटलं, "मग समजूत काढा त्याची." हसले. म्हणाले, मागचं झाकण उघडून राह्यलं. स्वस्तातला फोन, गोंद सुटला असेल, म्हणून मी सांगून टाकलं, "रबर बांधा."

आज दुकानात माझ्या फोनची काच बदलायला गेलती. बाजूला उभ्या बाईच्या फोनचं झाकण तसंच उचललेलं. दुकानदार ओरडलाच, "बॅटरी फुगली आहे! दाबू नका, पेट घेईल. चार्जिंगले लावू नका. बंद करा, नवीन बसवून देतो."

एवढं साधं. आणि मी काय सांगितलं? रबर बांधा. नर्स आहे मी! कोणी गळू दाबलं तर मीच झापते.

आणि बाबा फोन ठेवतात शर्टाच्या डाव्या खिशात. तो रबर बांधलेला फोन.

चौथ्यांदा उचलला. "काऊन वो, एवढे फोन?"

"बाबा, रबर काढा, फोन बंद करा आणि बाहेर अंगणात ठेवा. उद्या बॅटरी बदला."

"बंद केल्यावर तुले कसं समजन, मी ठीक आहो म्हणून?"

"बंद करा, बाबा!" ओरडलेच मी.

दहा मिनिटांनी परत लावला. मोबाइल बंद आहे, असं रेकॉर्डवरची बाई म्हणाली. एरवी हे ऐकलं की मी त्यांच्या शेजाऱ्यांना फोन लावत सुटते. आज मी पुन्हा लावून ऐकलं.