सिस्टरांच्या अंगठ्याची दोरी

प्रिय सिस्टर लुसी,

तुम्ही गेल्याचं आम्हाला कळलं, तोवर तुमची मातीही होऊन गेली होती. गोव्यातून कोणीतरी चर्चमध्ये फोन केला, तिथून बातमी बाजारात आली, आणि मी बांगडे निवडता निवडता ती ऐकली. अहो, बोलवायचं तरी! गोवा काय विलायतेत आहे? दोडामार्गातली पोरं रोज तिकडे कामाला जाऊन येतात. मी माशांची पाटी तिथेच टाकून आले असते.

पण आज रडायला बसलेली नाही. रडून झालं. उद्या मला एक काम करायचं आहे, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाहीये, म्हणून लिहिते.

इथल्या जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर बसप्पा म्हणून कामगार आहे, कर्नाटकातला. त्याची रेणुका चौथीत शिकते. तुमची बदली झाल्यावर गावात आली ही पोर, नाहीतर तुमची लाडकी झाली असती. तिच्या आईला मुलगा झाला. आई पुन्हा चिरे उचलायला लागली आणि रेणुकाची शाळा सुटली. बाळ कोण सांभाळणार? तीच!

माझीही शाळा अशीच सुटली होती ना? आई मासे विकायला जायची आणि धाकटा मोहन दिवसभर माझ्या कडेवर. एके दिवशी तुम्ही दारात उभ्या राहिलात, पांढऱ्या झग्यात, चपलांत वाळू भरलेली. आईने आत या म्हटलं नाही.

"आमका बाटवूक इल्यात काय?"

तुम्ही हसलात. "गो बाय, तू तुझो देव सांभाळ, मी माझो सांभाळतंय. माका फक्त ह्या चेडवाक पाढे शिकवचे आसत."

"आणि ह्या झिलाक कोण सांभाळतलो?" आईने माझ्या कडेवरच्या मोहनकडे बोट केलं.

"तो पण येतलो शाळेत."

आईने दारातून बाजूला होऊन तुम्हाला आत घेतलं. तिला ऐकायला लावणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं!

मग कॉन्व्हेंटच्या पडवीतल्या तुमच्या वर्गात वाशाला जुन्या साडीची झोळी टांगली गेली. झोळीची दोरी तुम्ही पायाच्या अंगठ्याला बांधायचात. हाताने फळ्यावर भागाकार, पायाने मोहनला झोका. पुढे आणखी दोघी आपापली भावंडं घेऊन आल्या आणि झोळ्या तीन झाल्या. तुम्हाला इतकी सवय लागली की चर्चमध्ये बाकावर बसल्यावरही पाय हलायचा, आणि फादरांनी विचारलं होतं, सिस्टर, पाय दुखतो का? हे तुम्हीच सांगितलंत आणि स्वतःच किती हसलात!

मोठे साहेब तपासणीला आले, तो दिवस आठवतो? झोळ्या बघून म्हणाले, "ही अंगणवाडी आहे का?" तुम्ही दोरी न सोडता सांगितलंत, "नाही साहेब, चौथीचा वर्ग आहे." आणि मला उठवून भागाकार घातलात. उत्तर बरोबर आलं. त्या दिवसापासून मला कोणाचीच भीती वाटली नाही.

आता कॉन्व्हेंटला कुलूप आहे. नवीन सिस्टर येत नाहीत. रेणुका जायची ती सरकारी शाळेत.

गेल्या सोमवारी डोक्यावर पाटी घेऊनच मी खाणीवर गेले. बसप्पा म्हणाला, "बाई, पोरगी शाळेत पाठवतो. बाळाला कोण बघणार? तू?"

"व्हय, मी!" तोंडातून निघूनच गेलं. त्याने आठ दिवस दिलेत. जमलं तर ठीक, नाहीतर रेणुका कायमची घरी.

बाळाला शाळेत आणू द्या म्हणायला तिथल्या गुरुजींकडे गेले, तर ते म्हणतात, "शेवंतीबाई, शाळेत तान्हं मूल चालणार नाही. नियम आहे. वरून कोणी आलं तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, चौथीचो वर्ग आसा म्हणान."

"बघू," म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे नाहीच.

घरी नवऱ्याचं वेगळंच. "खुळी झालंस काय गो? दुपारची फेरी कोण मारतलो?" म्हटलं, "तू मार." तो पाटी घेऊन दारोदार फिरेल, हे या जन्मी होणे नाही. फेरी बुडली तर बुडली.

सिस्टर, तुमची फार आठवण येते. आणि एका गोष्टीचा रागही येतो. तुमच्या बदलीचं पत्र आलं, तेव्हा गावाने देवळासमोर देवाला गाऱ्हाणं घातलं, सिस्टरांका हयसरच ठेव रे म्हाराजा! आणि सगळ्यांच्या मागे उभ्या राहून तुम्हीच सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणालात. लोक हसून हसून बेजार. पुढच्याच आठवड्यात मात्र ट्रंक घेऊन एसटीत बसलात. मी विचारलं, तर म्हणालात, "आमका आज्ञा पाळूची लागता, शेवंते." आज्ञा म्हणे! मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

असो. उद्या सकाळचा मासळीचा लिलाव आटोपला की मी साडी घेऊन शाळेत जाणार. तिथल्या पडवीच्या वाशाला झोळी बांधणार आणि तिथेच बसणार. रेणुका आत, बाळ बाहेर. दूध पाजायला तिची आई मधल्या सुट्टीत येऊन जाईल, खाण काही लांब नाही. गुरुजींनी उठवलं तर उठेन. परवा पुन्हा जाऊन बसेन. त्यांनी दहा वेळा उठवावं, मी अकराव्यांदा बसेन. रेणुका चौथी पास होणार आणि पाचवीतही बसणार. हा तुम्हाला माझा शब्द.

तुमची बदली झाली, सिस्टर. माझी कोण करतलो? मी खंय जातंय!

तुमची,
शेवंती