कपाट हलवून बघ, मग घर घे

मी, नीलांबरी त्र्यंबक सामंत, वय शहात्तर, राहणार शिकागो, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतलं दोन मजली घर, खालचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरने तसं लिहून दिलंय, तो कागद सोबत जोडलाय. कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून या देशात उतरायचाय. आधीचं मृत्युपत्र रद्द. फाडून टाकलंय, शोधत बसू नका.

आमच्या महाराष्ट्र मंडळातली सिया वकील आहे. ती याचं इंग्रजी करणार आणि कोर्टात ते चालणार. ती म्हणाली, "मावशी, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा ना, बाकी कशाला?" बाकी लागतं. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला मराठी वाचता येतं.

कलम एक. माझं क्रियाकर्म सकाळी, तासाभरात उरकायचं. भाषणं नकोत. मंडळाच्या अध्यक्षांना माइक देऊ नये.

कलम दोन. बँकेतलं सगळं, बांगड्या आणि आमच्या यांचं घड्याळ माझी मुलगी अनिका हिला. ती तिकडे ॲरिझोनात, चँडलरला जनावरांची डॉक्टर आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची, कारण ती कोणाचं ऐकत नाही. घर तिला देत नाही, आणि त्यात राग नाही. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, प्लीज, आय डोन्ट वॉन्ट टेनन्ट्स." बरोबर बोलली. भाडेकरूचा फोन ज्याला नकोसा वाटतो त्याने भाड्याचं घर घेऊच नये. लोकांना हे दोन घरं घेतल्यावर कळतं, तिला आधीच कळलं.

कलम तीन. माझी कामाची पिशवी मंडळाच्या लायब्ररीला. आत टॉर्च, टेप आणि एक काचेची गोटी आहे. दर रविवारी कोणी ना कोणी पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात येतं, "काकू, इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी बघतोय, पाच मिनिटं हवीत." पाच मिनिटांचे दोन तास होतात. मी मॅट्रिकला दोनदा बसले, दोनदा पडले. घरं विकायचं इथलं लायसन्स चौथ्या खेपेला मिळालं. तीस वर्षं घरं विकली. तरी हे मला एक्सेल दाखवतात. आता मी नसणार, म्हणून एकदाच लिहिते.

गोटी स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवा. पळाली तर का पळाली ते विचारा. ग्रॅनाइटचा ओटा बघून पाघळू नका. छप्पर, बॉयलर आणि सांडपाण्याची लाइन बघा, ओटा नंतर बदलता येतो. घर पूर्वेला तोंड करून आहे म्हणून उड्या मारू नका, पाणी काही दिशा विचारून आत येत नाही. बेसमेंटला एका कोपऱ्यातच ताजा रंग असेल तर त्या कोपऱ्यात उभं राहून नाकाने श्वास घ्या. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी परत जा. शनिवारी संध्याकाळी जाऊन गाडी लावायला जागा मिळते का बघा. शेजारच्या म्हातारीशी बोला, तिला सगळं माहीत असतं. भाडं वर्षाचे दहा महिनेच येणार असं धरा. बाराही महिने आलं तर देवाला नारळ फोडा. नातेवाइकाला भाडेकरू ठेवू नका. आणि इन्स्पेक्शन, म्हणजे सही करण्याआधी जाणत्या माणसाकडून घराची तपासणी. घर कोणाचंही असो, इन्स्पेक्शन. हे मी तीस वर्षं प्रत्येकाला ओरडून सांगितलं. एकाला सांगितलं नाही. ते पुढे.

कलम चार. माझ्या गराजमध्ये, वरच्या फळीवर, पेपरात गुंडाळलेला मातीच्या पाइपचा एक तुकडा आहे. आत झाडाची मुळं ठासून भरलीत. तो आमच्या मंडळातल्या श्री. गुरुनाथ पोतदार यांना नेऊन द्यावा. त्यांच्याच घरचा आहे.

याचं कारण लिहिते. शंतनू हा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. पुण्याहून व्हिसावर आला, पहिली दोन वर्षं माझ्याकडे राहिला, मग नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला गेला. तिथून रोज रात्री जेवताना फोन करायचा. भाजीत काय घातलं ते विचारायचा आणि मी सांगितलेलं कधी करायचा नाही. चार वर्षांपूर्वी म्हणाला, काकू, शिकागोत एक भाड्याचं घर बघा, तुम्ही एजंट असल्यावर मला काळजी नाही. त्याच महिन्यात गुरुनाथ पोतदारांनी घर विकायला काढलं. आमचे हे आजारी होते तेव्हा आख्खा हिवाळा, आठवड्यातून तीनदा, बर्फातून डायलिसिसला गुरुनाथभाऊंनी नेलं होतं. एकदाही पेट्रोलचं नाव काढलं नाही.

शंतनूने फोनवर विचारलं, "काकू, इन्स्पेक्शन लावायचं ना?"

मी म्हणाले, "अरे, गुरुनाथभाऊंचं घर आहे ते. इन्स्पेक्टर पाठवला तर त्यांना काय वाटेल?"

एवढंच. तो "बरं" म्हणाला.

आपलीच माणसं हे करतात. परक्याच्या घराचा खिळा न् खिळा तपासतो आणि आपल्या माणसाच्या घरात चहा पिऊन सही करतो. पहिल्याच हिवाळ्यात गटाराचं पाणी बेसमेंटमध्ये गुडघाभर आलं. भाडेकरू निघून गेला. प्लंबरने जमीन फोडून हा तुकडा काढला आणि मला म्हणाला, या घरी मी दर एप्रिलला मुळं कापायला येतो, तुम्हाला सांगितलं नाही का कोणी? घर विकताना दोष सांगायचा जो फॉर्म असतो, त्यावर गुरुनाथभाऊंनी लिहिलं होतं, काही प्रॉब्लेम माहीत नाही.

शंतनूने ते घर मिळेल त्या किमतीला काढून टाकलं. मला एक शब्द बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. नुसते रात्रीचे फोन बंद झाले. आता दिवाळीला मेसेज येतो, हॅपी दिवाळी, खाली एक पणती.

आणि मी काय केलं? मंडळात कोणी विचारलं की सांगितलं, पोराला घाई होती, हल्लीच्या मुलांना धीर नाही. गुरुनाथभाऊ शेजारीच बसलेले असायचे, ते मान हलवायचे. आम्ही दोघांनी मिळून पोरावर ढकललं. म्हणून इथे लिहून देते, सियाने इंग्रजीतही असंच लिहावं: घाई शंतनूला नव्हती. त्याने विचारलं होतं. भीड मला पडली. मी त्याची एजंट होते आणि मी नको म्हणाले.

गुरुनाथभाऊ, बर्फातल्या फेऱ्या मी विसरलेले नाही. पाइपही विसरलेले नाही. दोन्ही राहू दे.

कलम पाच. राहतं घर, दोन्ही मजले, बेसमेंट आणि गराज, शंतनू गजानन सामंत याला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला वर्षभर हलवायचं नाही. तो न सांगता बर्फ काढतो, असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

अट एकच. शंतनूने घर नावावर करून घेण्याआधी पूर्ण इन्स्पेक्शन करून घ्यावं. इन्स्पेक्टर त्याने स्वतः शोधावा, मंडळातला नको. सांडपाण्याच्या लाइनमध्ये कॅमेरा घालायला लावावा. रिपोर्ट वाचून घर नको वाटलं तर सरळ नाही म्हणावं. मग अनिकाने ते विकावं, रिपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन, आणि पैसे दोघांनी निम्मे घ्यावे.

शंतनू, आता तुझ्याशी बोलते. बेसमेंटच्या उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी येतं. सहा वर्षं येतंय. त्याच्यासमोर मी गोदरेजसारखं जड लोखंडी कपाट लावून ठेवलंय आणि कोणालाही सांगितलेलं नाही, अनिकालाही नाही. गुरुनाथभाऊंना नावं ठेवणारी बाई ती हीच. कपाट हलवून बघ. एकट्याने हलणार नाही, वरच्या भाडेकरूला हाक मार. टॉर्च पिशवीत आहे, लायब्ररीला द्यायच्या आधी वापर.

आणि इन्स्पेक्टर आत शिरला, भिंती ठोकायला लागला, कपाटामागे वाकला, की दारात उभं राहून काकूला काय वाटेल हा विचार करायचा नाही. काकूला काही वाटणार नाही. काकू मेलेली आहे.

हे सगळं मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं. कलम चार काढा असं साक्षीदार क्रमांक दोन म्हणाले. काढलेलं नाही. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, चहा सोडून.

सही: नीलांबरी त्र्यंबक सामंत

साक्षीदार १: पद्मिनी हट्टंगडी, शेजारीण
साक्षीदार २: रवींद्र गोडसे, मंडळाचे खजिनदार

ठिकाण: शिकागो, घरचं जेवणाचं टेबल
तारीख: १४ एप्रिल २०२५. काल रात्रभर पाऊस होता. कोपरा ओला आहे, आत्ताच बघून आले.