ओटीतलं लेकरू

७ एप्रिल २००२, कळमनुरी
कुरडयांचे गहू निवडायला घेतले. आरू पाटावर बसून पाय हलवत होती. "आई, मी झोपल्यावर कुठं जाते?" इथंच असतेस, म्हटलं. "मग मला मी काहून दिसत न्हाई?" हे हसले, पोरीला वकील करू म्हणाले. जूनमध्ये आत्ता कुठं पहिलीत जाईल.

११ एप्रिल
आजचा प्रश्न : "मी नसले तर या घराला कळंल का?" घराचं माहीत नाही, मला कळेल, म्हटलं. जरा वेळाने, "अन् तुला सवय झाल्यावर?"
कुठून सुचतं हिला! शेजारच्या बायांत सांगितलं. मिरवलंच म्हणायचं.

१६ एप्रिल
कुरडयांना हात लावायला साखऱ्याहून सुनंदा आली. धाकटी जाऊ. आरू तिच्याच पोटची, तिसरी. नऊ महिन्यांची होती तेव्हा सुनंदानेच माझ्या ओटीत घातली. तांदूळ, खण, नारळ, वरून लेकरू. सगळी भावकी बसली होती. दत्तकाचा कागद करायचा का, मी विचारलं होतं. हे म्हणाले, घरातल्या घरात कागद कशाला? मलाही पटलं.
आज कुरडया वाळत घालून आत आले, तर सुनंदा आरूच्या खांद्याला दोरी लावून माप घेत होती.
"फ्रॉक शिवतेस?"
"शाळेचा ड्रेस, अक्का. आमच्या शाळेत निळा लागतो."
आमच्या?
माझ्या तोंडाकडे बघून दोरी गुंडाळायला लागली. "दादांनी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"
आरू दोघींकडेही बघत नव्हती.

१७ एप्रिल
यांना विचारलं. आरूला परत द्यायचा शब्द संक्रांतीलाच दिलेला. "विलास रडला माझ्यापुढं. सुनंदा धड जेवत न्हाई म्हणला. सख्ख्या भावाला न्हाई कसं म्हणू?"
मला का नाही सांगितलं?
"तुला तकलीफ होईल म्हणून."
संक्रांतीपासून रोज माझ्या हातचं जेवले. मीठ कमी आहे तेवढं सांगायचे.
अन् आरूला माहीत होतं. सायकलवरून बालवाडीत सोडताना यांनीच सांगितलं. जूनपासून साखऱ्याला. आईला बोलायचं न्हाई.
लेकराला आपल्यात सामील करून घेतलं. मी तेवढी बाहेर.

१८ एप्रिल
काल तिचाही राग आला. इथं तरी खरं लिहावं.
वेणी घालताना विचारलं, मला काहून सांगितलं नाहीस?
"बाबा म्हणले सांगायचं न्हाई. विचारायचं न्हाई असं न्हाई म्हणले."
वेणी तशीच अर्धी. किती दिवस सांगत होती पोर. अन् मी हसत होते.

२३ एप्रिल
यांच्याशी बोलणं भाजी, दळण, किल्ली एवढंच. सुनंदावर मात्र राग टिकत नाही. तिला काही होत असेल हे मला का कळू नये. पण माझ्या घरात बसून, माझ्याच कुरडया घालता घालता...
जेवताना आरू : "ओटीत घालताना नारळ देतात. परत काढताना काय देतात?"
तशी रीतच नाही, म्हटलं.
"मग बाबा मला कशी काढणार?"
हे ताटावरून उठले. वरण तसंच.

२८ एप्रिल
उद्या विलासभाऊजी आणि सुनंदा बोलायला येणार. यांना सांगितलं, मी बैठकीत बसणार, आत जाणार नाही.
"मग चहा कोण करील?"
"शब्द देताना कोणी केला होता?"
विजय मिळाल्यासारखं वाटलं, घटकाभर.
दुपारी आरू शेजारी येऊन बसली. रिबीन बोटाला गुंडाळून राहिली होती. "मला विचारतील का उद्या?"
विचारतील. मी विचारायला लावीन.
"आई, तुला मी पाहिजे, का बाबाचा राग आला म्हणून पाहिजे?"
तूच पाहिजेस गं!
"काकूला बी मीच पाहिजे. मग मी कुणाची?"
उत्तर ताबडतोब यायला पाहिजे होतं. दूध उतू चाललं म्हणत उठले, आत गेले. शेगडी पेटवलेलीच नव्हती.